घरगुती कुक्कुटपालन : शेजाऱ्याच्या खुराड्यावर व टिपणावर अभिप्राय कसा द्यावा

कोंबड्या पाळणे आपल्या शेतकरी घरांस नवे नाही. अंगणात डालगे, परसात खुराडे आणि उकिरड्यावर चरणाऱ्या चार-दोन गावठी कोंबड्या ही आपल्या खेड्यांतील जुनीच व्यवस्था होय. नवे आहे ते असे की, अलीकडे पुष्कळ शेतकरी पंधरा-वीसपासून शंभरापर्यंत कोंबड्या स्वतःच्या हातांनी बांधलेल्या घरात पाळू लागले आहेत, आणि त्यांतील कित्येक जण आपला अनुभव वहीत उतरवून तो शेजाऱ्यांस व सोयऱ्यांस वाचावयास देत आहेत. आमच्या गंगापूर रोडचाच दाखला घ्यावा. नाशिक शहरातून निघून आनंदवल्ली, सोमेश्वर, गंगापूर व गोवर्धन यांवरून धरणाकडे जाणाऱ्या या रस्त्याच्या दोन्ही अंगांस पूर्वी मळेच मळे होते. आज बंगले व इमारती मळ्यांच्या बांधांस येऊन भिडल्या आहेत. तरी उरलेल्या मळ्यांत आणि बंगल्यांच्या परसांतही कोंबड्या दिसतात. "एकदा आमचे खुराडे पाहून जा", "आमचे टिपण वाचून काय वाटते ते सांगा", अशी बोलावणी आम्हांस वारंवार येतात. वाचकांसही येत असतील.

अशा वेळी काय बोलावे आणि कसे बोलावे, याचा विचार फारसा कोणी करीत नाही. बहुधा चहा होतो, "छान आहे" असे म्हटले जाते आणि पाहुणा आपल्या वाटेने जातो. परंतु या दोन शब्दांवर कित्येकदा वीस-पंचवीस जीव आणि एका घराची मेहनत अवलंबून असते. म्हणून या पाठात खुराडे बांधण्याची रीत न सांगता, दुसऱ्याने बांधलेले खुराडे व लिहिलेले टिपण कसे तपासावे आणि त्यावरचे मत त्यास उपयोगी पडेल अशा रीतीने कसे सांगावे, एवढाच विषय आम्ही घेतला आहे.

दोन चुका

पहिली चूक आमची स्वतःची आहे. नदीच्या अंगच्या एका मळ्यात एका तरुण शेतकऱ्याने मोडलेल्या द्राक्षबागेचे जुने लोखंडी अँगल व तारा वापरून २२ कोंबड्यांचे घर उभे केले होते. काम नेटके होते व खर्च थोडा होता. जाळी मात्र बारीक तारेची षट्कोनी होती, आणि ती जमिनीवर नुसती टेकलेली होती. खाली गाडलेली नव्हती. हे आमच्या नजरेस पडले. तथापि पोराचा नवा उत्साह कशास मोडावा, असे मनात आणून आम्ही पाठ थोपटली आणि घरी आलो. पंधरा दिवसही झाले नसतील, एका रात्री कुत्र्याने की कोल्ह्याने जाळीखालची माती उकरली आणि सकाळी १४ कोंबड्या मरून पडलेल्या आढळल्या. आम्ही गेलो तेव्हा त्याने इतकेच विचारले, "आबा, तुम्हाला दिसलं होतं ना? मग बोलला का नाहीत?" या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते.

दुसरी चूक याच्या उलट आहे. जवळच्याच एका गावी बचतगटातील एका बाईंनी आपल्या सासूबाईंकडून शिकलेली कोंबडी बसविण्याची रीत वहीत लिहिली होती. तीत एक दोष होता : कोंबड्यांस कच्चे सोयाबीन भरडून घालावे, असे लिहिले होते. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचे पचन रोखणारे द्रव्य असते. ते भाजल्यावाचून अथवा तेल काढलेल्या तापविलेल्या पेंडीच्या रूपाने दिल्यावाचून कोंबड्यांची वाढ खुंटते. एका शिकलेल्या गृहस्थांनी चारचौघींत हे वाक्य मोठ्याने वाचून हसे केले. बाईंनी वही मिटली, ती पुन्हा उघडली नाही. त्या वहीत दुसरीही गोष्ट होती. चैत्र-वैशाखात खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवावयाची असता टोपलीच्या तळाशी वाळूचा थर द्यावा व कडेने ती वाळू अधूनमधून ओलसर करावी, असे त्यांनी लिहिले होते. नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यात अंड्यातील ओलावा फार उडून पिल्लू कवचातच सुकते. त्यावर हा घरगुती उपाय अगदी योग्य होय. एका चुकीबरोबर शहाणपणाची ही गोष्टही वहीतच राहिली.

पहिल्या ठिकाणी भिडेने नुकसान केले, दुसऱ्या ठिकाणी तोऱ्याने. दोन्ही टाळून अभिप्राय देता येतो, आणि त्याची रीत शिकता येते.

जाण्यापूर्वी

अभिप्राय देणाऱ्याने प्रथम आपल्या पायांकडे पाहावे. एका खुराड्यातून दुसऱ्या खुराड्यात जाणारा माणूस चपलेच्या तळाशी लागलेल्या विष्ठेबरोबर रोगही नेतो. राणीखेत, ज्यास आपल्याकडे मानमोडी म्हणतात, असाच पसरतो. म्हणून एका दिवशी एकच खुराडे पाहावे. आत जाताना धुतलेल्या चपला घालाव्या अगर यजमानाच्याच मागून घ्याव्या. हात साबणाने धुवावे. आणि आपल्या घरी कोंबड्या आजारी असतील तर मुळीच जाऊ नये.

त्यानंतर यजमानास चार गोष्टी विचाराव्या. कोंबड्या अंड्यांसाठी की मांसासाठी? किती आहेत व पुढे किती करावयाच्या आहेत? दिवसा मोकळ्या सुटतात की सदैव बंद असतात? आणि मत कशाबद्दल हवे आहे? हे न विचारता बोलणारा बहुधा स्वतःच्या मनातील खुराड्याविषयी बोलतो, समोरच्या खुराड्याविषयी नव्हे. उदाहरणार्थ, ६ फूट लांब व ४ फूट रुंद म्हणजे २४ चौरस फुटांचे घर २० कोंबड्यांस केवळ रात्री निजावयास पुरते. त्याच कोंबड्या रात्रंदिवस आत कोंडावयाच्या असतील तर प्रत्येकीस २ ते २॥ चौरस फूट, म्हणजे एकंदर ४० ते ५० चौरस फूट जागा पाहिजे. घर तेच, परंतु एका उत्तराने ते पुरेसे ठरते आणि दुसऱ्याने अपुरे.

खुराडे पाहण्याची रीत

खुराडे दुपारी उभ्याउभ्या पाहू नये. सायंकाळी कोंबड्या वर चढण्याच्या सुमारास जावे, आत बसून डोके कोंबडीच्या उंचीवर आणावे, आणि थोडा वेळ काही न बोलता पाहावे. त्या उंचीवर डोळ्यांस व नाकास उग्र वास झोंबला तर खालचा तूस ओला आहे व हवा खेळत नाही, असे समजावे. आपण उभे असता हा वास लागत नाही. कोंबडीस मात्र तो चोवीस तास लागतो, आणि त्यातूनच श्वासाचे विकार सुरू होतात.

नाशिकच्या थंडीत ही चूक विशेष घडते. पौषात पारा १० अंशांच्या खाली उतरला की लोक सर्व बाजू प्लास्टिकने घट्ट बंद करतात. मोठ्या कोंबडीस पिसांचे पांघरूण असते; तिला कोरडी थंडी फारशी बाधत नाही, ओल व अंगावर येणारा झोत मात्र बाधतो. तेव्हा वाऱ्याच्या बाजूस खालून गोणपाट लावावे व छपराखाली फूटभर जागा उघडी ठेवावी, असे सांगावे.

लहान पिल्लांची गोष्ट वेगळी. त्यांस पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते, आणि पुढे दर आठवड्यास ती सुमारे ३ अंशांनी कमी करीत न्यावी लागते. परंतु तापमापक नसला तरी अडत नाही. पिल्ले दिव्याखाली एकमेकांवर चढून गोळा झाली तर ऊब कमी आहे. दिव्यापासून दूर कडेला जाऊन धापा टाकीत असली तर जास्त आहे. सर्वत्र सारखी पसरून चरत असली तर बरोबर आहे. वीज जाते म्हणून कोणी बंद पेटीत कोळशाची शेगडी ठेविलेली दिसली तर मात्र त्याच क्षणी ती बाहेर काढावयास सांगावे. जळत्या कोळशाच्या विषारी वायूस रंग नाही, वास नाही, आणि सकाळपर्यंत सारी पिल्ले मरून पडतात.

यानंतर जाळी पाहावी. षट्कोनी चिकन जाळी कोंबडीस आत ठेवते. कुत्र्यास, रानमांजरास अगर घुशीस ती बाहेर ठेवीत नाही. खालच्या दोन-तीन फुटांस अर्धा इंची चौकोनी वेल्ड जाळी पाहिजे. ती एक फूट जमिनीत गाडावी. खडक लागत असेल तर बाहेरच्या अंगास दीड फूट जमिनीवर पसरून वर दगड रचावे, म्हणजे उकरणाऱ्यास जागा सापडत नाही. दाराची कडी आतून-बाहेरून हलवून पाहावी. आमच्या भागात आणखी एक भय आहे. जानेवारी २०१९ मध्ये याच रस्त्यालगतच्या सावरकरनगरच्या वस्तीत बिबट्या शिरला होता. तेव्हा कोंबड्या दिवस मावळण्यापूर्वी आत घेण्याचा नियम घरात आहे की नाही, हेही विचारावे.

शेवटी कोंबड्या काय खातात व कोठे चरतात ते पाहावे. द्राक्षबागेत औषधफवारणीनंतर कोंबड्या मोकळ्या सुटत असतील तर ती गोष्ट आवर्जून सांगावी. पेरणीतून उरलेले औषध लावलेले बियाणे कोंबड्यांस घालण्याची सवयही कित्येक घरांत आहे. त्यावरील थायरमसारख्या औषधाने मऊ कवचाची अंडी पडतात व पिल्लांचे पाय वाकडे होतात. बुरशी आलेला मका व शेंगदाण्याची पेंड यांचाही तोच निषेध करावा.

दोषांची तीन प्रतींत वाटणी

जे दिसले ते सर्व सांगू लागल्यास ऐकणारा गोंधळतो. म्हणून दोषांच्या तीन प्रती कराव्या. पहिली प्रत जीवघेण्या दोषांची : उकरता येणारी जाळी, बंद पेटीतील शेगडी, विषारी बियाणे, आजारी कोंबडी निरोगी कोंबड्यांत ठेवणे. हे दोष त्याच दिवशी, स्पष्ट शब्दांत आणि प्रथम सांगावे. येथे भीड धरणे म्हणजे नुकसानीत वाटेकरी होणे होय. दुसरी प्रत नुकसानीच्या दोषांची : निजण्याचे दांडे कमी, अंड्यांच्या पेट्या अपुऱ्या, पाण्याचे भांडे सांडणारे, तूस ओला. हे पुढे सवडीने, दोन-तीनच सांगावे. तिसरी प्रत आवडीनिवडीची : रंग, आकार, पत्रा की कौले, गिरिराज की वनराज की गावठी. यांविषयी विचारल्यावाचून बोलू नये.

प्रत्येक दोष सांगताना त्याबरोबर तीन गोष्टी असाव्या : कारण, माप आणि घरात असलेल्या वस्तूने होईल असा उपाय. "हवा खेळत नाही" हे सांगणे पुरे नव्हे. "पूर्वेची भिंत छपरापर्यंत बंद आहे, वरची एक फळी काढून तेथे जाळी ठोका", असे सांगावे. शक्य असेल तर हत्यार घेऊन त्याच्याबरोबर ती फळी आपणही काढू लागावे.

जे चांगले आहे तेही नेमके सांगावे. नुसते "छान" म्हटल्याने काय राखावे हे त्यास कळत नाही, आणि पुढील दुरुस्तीत तो चांगलीच गोष्ट मोडून टाकण्याचा संभव असतो.

टिपण वाचण्याची रीत

खुराडे नाकाडोळ्यांनी तपासता येते. टिपण त्रैराशिकाने तपासावे. अंड्यावरची मोठी कोंबडी दिवसास सुमारे ११० ते १२० ग्रॅम खाद्य खाते. म्हणजे २० कोंबड्यांस दिवसास सव्वादोन किलोच्या आसपास आणि महिन्यास सुमारे ७० किलो खाद्य झाले. एखाद्या टिपणात २० बंदिस्त कोंबड्यांस महिन्यास ३० किलो पुरते असे लिहिले असेल, तर उरलेले खाद्य त्या कोठे मिळवितात हे लेखकास विचारावे. कदाचित त्या दिवसभर मोकळ्या चरत असतील आणि ते लिहावयाचे राहिले असेल. गावठी कोंबडी वर्षास साधारण ६० ते ८० अंडी देते. तिच्यापासून २०० अंड्यांचा हिशेब कोणी मांडला असेल तर त्यावर घेतलेले कर्ज फिटणार नाही. अंड्यांच्या उत्पादनखर्चात सर्वांत मोठा भाग खाद्याचा असतो. तेव्हा खाद्य व अंडी हे दोन आकडे चुकले की सारा नफा कागदावरच राहतो.

दुसरी कसोटी अशी की, टिपणात स्थळ, महिना, कोंबडीची जात व वय लिहिलेले आहे काय? कोकणातील दमट हवेत लिहिलेले नियम नाशिकच्या कोरड्या उन्हाळ्यास जसेच्या तसे लागू पडत नाहीत. तिसरी कसोटी मरतुकीची. किती पिल्ले आणली, किती मेली, कोणत्या आठवड्यात मेली, हे ज्यात नाही ते टिपण अपुरे समजावे. मेलेली पिल्ले लपविणारा लेखक खोटा असतोच असे नाही. पुष्कळदा त्यास लाज वाटते. त्यास सांगावे की, तुमच्या वहीतील वाचकाच्या सर्वांत उपयोगाचे पान तेच आहे.

चौथी कसोटी लसीची. मानमोडीची पहिली लस पाचव्या ते सातव्या दिवशी देण्याचा प्रघात आहे, हे बहुतेक टिपणांत असते. परंतु पाण्यातून द्यावयाची लस नळाच्या पाण्यात कालविली तर त्यातील क्लोरीनने ती निकामी होते, आणि दवाखान्यापासून घरापर्यंत ती बर्फात न आणल्यास तिचा गुण जातो, हे थोड्यांतच सापडते. शिवाय लसीची कुपी बहुधा १०० अथवा त्याहून अधिक मात्रांची येते. वीस कोंबड्यांच्या धन्यास ती एकट्याने घेणे परवडत नाही आणि म्हणून तो लस देतच नाही. यावर टीका करून काही साधत नाही. चार-पाच घरांनी एकच दिवस ठरवून एक कुपी वाटून घ्यावी, असे त्या टिपणात आपल्या हाताने जोडून द्यावे.

पाचवी गोष्ट मर्यादेची. कोंबड्या एकाएकी मरू लागल्यास काय करावे, या मथळ्याखाली घरगुती काढा लिहिलेला असेल तर ते कलम बदलावयास सांगावे. भारतात बर्ड फ्ल्यूची पहिली साथ फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच महाराष्ट्रातील नवापूर येथे आढळली, आणि २०२१ मध्ये राज्यात ती पुन्हा आली. अशा प्रसंगी मेलेल्या कोंबड्या उघड्यावर अगर नदीत न टाकता ताबडतोब सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यास कळविणे हेच एक कर्तव्य होय. तेथे आपल्या अभिप्रायाचे काम नाही.

लेखी अभिप्रायाचा एक नमुना

तोंडी बोलणे विसरते आणि पुष्कळदा बोचते. लिहिलेले शांतपणे दोनदा वाचता येते. म्हणून आम्ही आता अभिप्राय लिहूनच देतो. नमुना येणेप्रमाणे :

"रा. रा. भाऊ यांस नमस्कार. काल सायंकाळी आपले खुराडे पाहिले. घर ६ फूट लांब, ४ फूट रुंद. कोंबड्या २०, दिवसा मोकळ्या. लांब भिंती उत्तर-दक्षिणेस असल्याने ऊन आत घुसत नाही, आणि घर जमिनीपासून दीड फूट उचललेले असल्याने पावसाळ्यात ओल लागणार नाही. हे दोन्ही तसेच ठेवावे. दाराखाली तीन बोटे फट आहे, त्यातून साप व घूस शिरेल. आज रात्रीपूर्वी तेथे फळी ठोकावी, मागे पडलेल्या जुन्या दाराची चालेल. निजण्याचे दांडे ६ फुटांचे दोन, म्हणजे १२ फूट आहेत. प्रत्येकीस ८ ते ९ इंच धरता सुमारे १५ फूट पाहिजेत. जागा न मिळालेल्या कोंबड्या अंड्यांच्या पेटीत निजतात, म्हणूनच आपली अंडी मळतात. तिसरा दांडा बसवावा आणि सर्व दांडे पेट्यांहून उंच ठेवावे. याखेरीज आम्हांस काही सुचत नाही. महिन्याने पुन्हा येऊ. आमचे सांगणे कोठे चुकले असेल तर तेव्हा दाखवावे."

या पत्रातील शेवटचे वाक्य शिष्टाचारासाठी घातलेले नाही. अभिप्राय देऊन जो परत फिरकत नाही, त्यास आपला सल्ला खरा ठरला की खोटा हे कधीच कळत नाही. आम्ही एकदा पाण्याची भांडी सावलीत आत ठेवण्यास सांगितले. महिन्याने गेलो तो तूस भिजून वास सुटलेला. चूक आमची होती. भांडे विटांवर, कोंबडीच्या पाठीच्या उंचीस ठेवावयास हवे होते, आणि ते यजमानाच्या मुलीने आमच्या आधी ओळखले होते.

ज्याचे खुराडे आहे त्यासही एक सांगणे आहे. दोष ऐकताच त्याचे समर्थन करू नये; तो वहीत लिहून घ्यावा, एक रात्र जाऊ द्यावी, आणि मग कोंबड्यांकडे पाहून ठरवावे. पाच जणांनी पाच मते दिली तर ज्यांत तिघांचे एकमत असेल ते प्रथम तपासावे. शंका राहिल्यास गोवर्धन येथील यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारावे. आमच्या रस्त्याच्या लोकांस ते हाकेच्या अंतरावर आहे.

उपरोक्त तरुण शेतकऱ्याने उरलेल्या ८ कोंबड्यांवर पुन्हा सुरुवात केली. नवी जाळी गाडण्याचे काम त्याने व आम्ही मिळून केले. त्या बाईंची वही मात्र आम्हांस अद्याप पाहावयास मिळालेली नाही. त्यांच्या दारी आम्ही दोनदा गेलो, आणखी एकदा जाणार आहोत.

ज्या सभासदांस आपल्या खुराड्यावर अथवा टिपणावर मत हवे असेल त्यांनी मापासह आकृती, कोंबड्यांची संख्या व जात, रोजचे खाद्य, आणि वर्षातील मरतूक एवढे लिहून पाठवावे. मरतूक शून्य असल्यास तसे लिहावे, आणि नसल्यास लपवू नये. वरील रीतीने आम्ही त्याचा अभिप्राय लिहून धाडू, आणि तो चुकल्यास त्याची दुरुस्ती याच पृष्ठांवर छापू.